लोणच्याच्या धड्याचा प्रश्न

रामायणाच्या सप्ताहाला निघालो होतो. जॉर्जटाऊनच्या मिनीबसच्या रांगेत माझ्यापुढे लोणचेवाल्या सुमिंत्रा आंटी आणि बिझनेस स्कूलचे दिओनाथ सर उभे होते.

"सर, माझ्या लोणच्याच्या दुकानावरचा धडा अजून वर्गात शिकवता?"

"दरवर्षी. शेवटी मुलांना विचारतो, सुमिंत्राने पुढे काय करावं?"

"काय म्हणतात?"

"दुसरं दुकान काढावं."

"साखर कारखाना बंद झाला, गिऱ्हाईक गेलं, तसं पहिलंच दुकान मोडलं की हो."

"ते धड्यात नाही, आंटी."

"आणि आता समुद्रात तेल काढणारी जहाजं आलीत, त्यांवर जेवण कुठलं?"

"सगळं परदेशातून येतं. आमच्याकडे शिकलेली मुलंच तिथे कामाला आहेत, तीच मागवतात."

"लोणचंसुद्धा?"

"लोणचंसुद्धा."

"यंदा वर्ग कधी?"

"गुरुवारी, आठला."

"दुकान मोडलंय, हे आधी सांगा. मग तोच प्रश्न विचारा. मी मागच्या बाकावर बसते. मला उत्तर हवंय, सर."