आईचा पियानो सुरात लावताना

तुमाले सांगतो, आमच्या अकोल्याच्या घरी पियानो सुरात लावायले मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून एक कारागीर आला होता. आई गेल्यापासून पियानो बंदच होता. दुपारी बाबा आतल्या खोलीत कूलरसमोर पडले होते. कारागीर एकच पट्टी पुन्हापुन्हा दाबून तार पिळून राहिला होता.

तेवढ्यात आतून बाबा झोपेतच बोलले, "सुमन, आता पुढचं वाजव ना वं!"

कारागिरानं हळूच विचारलं, "सुमन कोण?"

"माही आई," मी म्हटलं. "बाबाले वाटून राहिलं, आईच वाजवते."

त्यानं हातातलं अवजार खाली ठेवलं आन् एक संथ धून वाजवली. मी दारातून पाहिलं, तर बाबा डोळे मिटूनच हसून राहिले होते.

धून संपली तसं म्हणाले, "तू बस आता. चहा मी मांडतो."