पंप बिघडला नव्हता

मी मूळचा मुरूडच्या बाजूचा. वडील लाँचवर इंजिन ड्रायव्हर, आणि तरीही मी बोटीवर जाऊ नये म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा त्यांनीच केला. समुद्रावर गेलास तर परत तोंड दाखवू नकोस म्हणाले. मी गेलो. मरीन इंजिनिअर झालो, वीसेक वर्षं जहाजांच्या पोटात काढली, मग इथे सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या ऑफिसात खुर्चीवर बसलो, आता रिटायर होऊन जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी बायको सुनंदा. मुलगी आणि नात इथेच, पुंगोलला. सगळं ठीक होतं हो, अगदी ठीक होतं. पण तो जपानी आला ना.

एक जहाज भंगारात जायचं होतं, यार्डात नुसतंच उभं. जुन्या ऑफिसातल्या मित्राचा फोन आला की जपानी लोक तिथे सिनेमा काढतायत, चीफ इंजिनिअरची गोष्ट आहे, नटाला जरा इंजिन रूम दाखव, दोन दिवसांचं काम आहे. बावीस दिवस लागले! आता काय सांगू तुम्हाला, एका माणसाने एका पाइपवरून फडकं फिरवायचं, एवढाच सीन, तो सकाळी नऊला सुरू झाला आणि दुपारी तीनला संपला. बंद जहाज, वारा नाही, घामाने चष्मा नाकावर ठरत नव्हता. कॅमेरावाली बाई चांगली पन्नाशीची, तेलकट पत्र्यावर पालथी पडलेली. तो नट तिकडे म्हणे फार मोठा, पण हूं की चूं नाही. आणि डायरेक्टर, साठीचा, बुटका, आवाज कधी चढवायचा नाही, फक्त एक बोट वर करायचा. म्हणजे पुन्हा. मी ओरडायचो, अहो, चालत्या पंपाकडे असं देवासारखं बघत नाहीत, स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचं आणि मूठ कानाला, आत काय चाललंय ते ऐकू येतं. हे ऐकलं की डायरेक्टर कमरेत वाकून नमस्कार करायचा आणि परत बोट वर. डोकं फिरायचं माझं.

दुपारी हॉकर सेंटरमधून, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांमधून, चिकन राइसची पाकिटं यायची. हा डायरेक्टर माझ्या शेजारी येऊन बसायचा, सोबत युकी नावाची दुभाषी मुलगी, आणि रोज तोच प्रश्न. घरून वाईट बातमी आली की जहाजावरचा माणूस काय करतो? रोज हो, अगदी रोज. दहा दिवस मी टाळलं. अकराव्या दिवशी इतका वैतागलो की म्हटलं ऐक बाबा, आणि नंतर माझं जेवण मला जेवू दे.

सांगितलं त्याला. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी जहाज इथेच सिंगापूरला नांगरावर होतं. टेलेक्स आला, वडील गेले. कॅप्टन चांगला माणूस, म्हणाला बदली इंजिनिअर मिळालाय, उद्याचं तिकीट आहे, जा. मी म्हटलं नाही जात, पंप बिघडलाय, मला इथे थांबायला हवं. पंपाला काहीच झालं नव्हतं. मी दिवसभर तो स्वच्छ पुसत बसलो. घरी कळवलं की कंपनीने सोडलं नाही. सुनंदाने तेव्हा तीन महिने वडिलांचं सगळं केलं होतं, अंथरुणातलंसुद्धा. आणि पुढे ज्या-ज्या वेळी माझ्या भावांनी तोंड सोडलं त्या-त्या वेळी ती वाघिणीसारखी भांडली, की कंपनीने सोडलं नाही तर हे काय पोहत येणार होते?

डायरेक्टरने ऐकून घेतलं. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या वर्षी सिनेमाला युरोपात मोठं बक्षीस मिळालं आणि इथे खेळ लागला. आम्हा दोघांना आमंत्रण. सुनंदा नवी साडी नेसली, मुलीला फोन करकरून सांगितलं की बाबांचा सिनेमा. आणि पडद्यावर तो नट, कॅप्टन त्याला तिकीट देतो, हा परत करतो आणि म्हणतो पंप बिघडलाय. खाली इंग्रजी अक्षरं. माझं वाक्य, जसंच्या तसं! मी सुनंदाकडे बघितलंच नाही, पण तिचा हात खुर्चीच्या दांडीवरून निघून गेला ते कळलं.

एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, परतलो. स्टेशनबाहेर आल्यावर ती थांबली आणि विचारलं, पंप खरंच बिघडला होता का? मी म्हटलं नाही. तर म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं तुमच्या भावांशी मी खोटं बोलले.

मग चार महिने घरात फक्त कामापुरतं बोलणं. भाजी काय आणू, गॅस बंद केला का. मी त्या जपान्याला असा मेल लिहिला की वाचून त्याने सिनेमा करणं सोडावं. तर हा पठ्ठ्या युकीला घेऊन विमानाने आला! दारात वाकून उभा. माझी चूक झाली म्हणाला, विचारायला हवं होतं. मी म्हटलं झालं, आता निघा. सुनंदा आतून आली आणि म्हणाली, बसा, पोहे करते.

पोहे झाल्यावर ती त्याच्यासमोर बसली आणि सांगायला लागली. मराठीत. एवढं सगळं तिला इंग्रजीत जमेना. मग मला म्हणाली, सांगा त्यांना. म्हणजे बघा, ती मराठीत बोलणार, मी इंग्रजी करायचं, युकीने जपानी. वडिलांचे पाय कसे सुजले, कुशीवर वळवताना ते कसे लाजायचे, हे सगळं माझ्या तोंडून. मी कधी विचारलंच नव्हतं हो! आणि शेवटी म्हणाली, जाण्याच्या आदल्या दिवशी मला विचारलं त्यांनी, सूनबाई, त्याच्या जहाजाचं इंजिन किती सिलिंडरचं आहे गं? मला माहीत नव्हतं, मी आठ म्हटलं. ते म्हणाले, मोठं आहे.

याचं इंग्रजी मला होईना. डायरेक्टरने वही उघडली होती, मी ओरडलो, बंद कर ती! सुनंदा म्हणाली, ओरडू नका, आधी वाक्य पूर्ण करा. केलं.

आता हल्ली ती बोलते माझ्याशी. गेल्या आठवड्यात माझ्या भावाला फोन लावून माझ्या हातात दिला, स्वतः सांगा म्हणाली. सांगितलं मी. भावाने शिव्या दिल्या, मी ऐकल्या, रविवारी परत फोन कर म्हणाला. आणि त्या जपान्याचं म्हणाल तर युकीमार्फत त्याची सुनंदाला पत्रं येतात, प्रत्येक पत्रात दहा प्रश्न. परवा नात तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, आजोबा, नेक्स्ट मूव्ही आजीची, लाह! करू दे. देव त्याला आणखी बक्षिसं देवो. फक्त त्याने ते पाइप पुसणं कुठल्या तरी दुसऱ्या म्हाताऱ्याकडून शिकून घ्यावं.