विकरांचं आमंत्रण

नाही, मला एक सांगा, बोकड म्हातारा निघाला यात माझा काय दोष? तुम्हाला सांगतो, रविवारची सकाळ, आमच्या तेजलला बघायला मुलाकडचे येणार, तेही मालवणी, म्हणजे मुलगी नंतर, आधी मटण... आणि मी एक तुकडा शिजवून बघतो तर चप्पल! मटण मीच आणलेलं. बायको, वनमाला, म्हणते, "लग्न फिसकटलं तर तुमच्यामुळे."

माझी बहीण माधुरी घाटकोपरला विज्ञान शिकवते. तिला फोन लावला, तर म्हणाली, "दादा, विकरांची मदत घे," आणि फोन कट! आता विकर कोण? चिपळूणकर माहीत, वेंगुर्लेकर माहीत. असेल कोणी आचारी! धावलो खाली. "मिथुन, विकर कुठे राहतात रे?" आमचा वॉचमन म्हणतो, "बी विंग, पहला माला." बेल वाजवली तर दारात दिवेकर. रिटायर्ड आणि पक्के शाकाहारी! म्हटलं, "चला, मटण शिजवायचंय." त्यांनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात माधुरीचा फोन. "अरे, विकर म्हणजे माणूस नाही रे, एन्झाइम! एक प्रकारचं प्रथिन. जे काम आपोआप व्हायला तुझी तेजल आजी होईल, ते विकर झटक्यात करतं. आणि स्वतः जसंच्या तसं! लगेच पुढच्या कामाला." म्हटलं, मिळतं कुठे? "तुझ्या तोंडात! चपाती चावत राहिलं की गोड लागते ना? लाळेतलं विकर पिठाची साखर करतं." म्हणजे मटण चावून ठेवू? "शी! प्रत्येकाचं काम ठरलेलं. मटणाला कच्च्या पपईतलं. आणि आधी उकळू नकोस, विकर निकामी होईल."

पपई कुठे मिळाली? बी विंगच्या मागे, दिवेकरांच्याच झाडाला! कच्च्या मटणाला चोळली. माधुरी म्हणालेली, अर्धा तास, बस. पण मला धीर निघतोय का? पुन्हा चोळली, पुन्हा चोळली, पाहुण्यांना उशीर, ते विकर आपलं तोडतंय, तोडतंय, आणि स्वतः जसंच्या तसं... शेवटी पातेल्यात बघतो तर खिमा!

पाहुणे जेवायला बसले. मुलाचे वडील बोटं चाटत म्हणाले, "दात नाहीत मला, पण असलो खिमो जन्मात खाल्लो नाय. केल्यान कोणी?" माझ्या तोंडून गेलं, "विकरांनी." "खयचे? राजापूरचे?" वनमालेने कोपर मारलं. मी म्हटलं, "हो."

लग्न ठरलं! पत्रिका मुलाकडच्यांनी छापली. निमंत्रकांत माझ्या वर, ठळक अक्षरात, श्री. विकर. आणि धावपळ केली कोणी? मी! काल केटरर विचारतो, "साहेब, विकरांकडची माणसं किती?"

म्हटलं, एक धर. शाकाहारी आहेत. बी विंगला राहतात.