मांडीवर खिसा नको

नाही हो, चष्मा देतो की, चष्मा द्यायला माझं काय जातंय — पण नुसता चष्मा लावून चेनसॉ चालवायचा म्हणजे नुसती टोपी घालून बाजारात गेल्यासारखं झालं. झाकलं काय आणि उघडं काय. बसा. म्हणजे उभेच राहा, मापं घ्यायचीत. झाड परसात पडलंय म्हणालात ना, कुंपणावर आडवं? आणि मशीन मेहुण्याचं. मेहुण्याने मशीन तेवढं दिलं, बाकी काही दिलं नाही — मेहुणेच ते. आणि इथे तुम्हाला बायकोने पाठवलंय. कसं ओळखलं म्हणजे? अहो, आपणहून आलेला माणूस साखळी मागतो, तेल मागतो, धार लावायची कानस मागतो. चष्मा मागणारा माणूस घरून पाठवलेला असतो. चांगलं आहे, बायकोचं ऐकणारे लोक मला आवडतात, त्यांची दहा बोटं दहाच राहतात. हा आवाज होय? मागच्या अंगणात लाकूड कापणं चाललंय. माझी मुलगी आहे. लक्ष देऊ नका. मीही देत नाहीये.

आधी पायापासून सुरुवात करू. लोक डोक्यापासून करतात, पण या करवतीची साखळी घसरली की आधी मांडीवरच येते. ही पँट चढवा, तुमच्या पँटवरूनच चढवा, लाजू नका, दुकानात आपण दोघेच आहोत. हीच हाताला लागली, मागच्या दाराशी लटकली होती — काय चाललंय बघायला गेलो नव्हतो हं, पँट आणायला गेलो होतो. दारापासून हातभर अलीकडे थांबलो. आणि तो मफलर काढा गळ्यातला. साखळीला लोंबणारी कुठलीही गोष्ट फार आवडते, शर्टाची बाही असो, बुटाची नाडी असो. आता बूट. पुढे पोलाद आहे, जड लागतील. दोन दिवस शिव्या द्याल, मग सवय होईल. आमचं लग्नही — जाऊ दे, ही आत आहे.

हेल्मेट घ्या. मागे चकती आहे, ती फिरवा, घट्ट होईपर्यंत. आता मान हलवा. होकार द्या. नकार द्या. लग्न झालेल्या माणसाला नकाराची सवय नसते, तरी द्या एकदा. हललं नाही ना? मग बरोबर बसलं. आता ही जाळी खाली ओढा. काच नाही, जाळीच हवी. काचेवर श्वासाची वाफ धरते, भुसा चिकटतो, मग माणूस वैतागून काच वर करतो, आणि ढलपी बरोब्बर तेव्हाच उडते, जशी काही वाटच बघत होती. जाळीने मोठं अडतं, बारीक भुशासाठी आत हा तुमचा चष्मा. म्हणजे बायकोचं चुकलं नाही, अर्धंच सांगितलं तिने. आता —

थांबा. थांबलं.

हं. वाजली. शिट्टी ऐकलीत? मशीन बंद केलं की एक शिट्टी, म्हणजे मीच बंद केलं, मी बरी आहे. आमच्या लाकूडतोड्यांच्या टोळीची पद्धत. अहो, मशीनचा आवाज थांबण्याची कारणं दोनच, एक म्हणजे माणसाने थांबवलं, आणि दुसरं आपण बोलत नाही. रानात आम्ही एकमेकांना दिसायचो नाही, मग नुसता आवाज थांबला की हातातलं काम टाकून कान लावायचो. शिट्टी आली की परत कामाला. एवढं सोपं. तुमच्याही गळ्यात एक देतो अडकवून, बायको खिडकीत उभी राहील बघा कान लावून — नाही म्हणू नका, राहील. सुरू झालं परत. ऐका, आवाज कसा जातोय, जोर न लावता. मशीनला खायला द्यायचं, कोंबायचं नाही, हे मीच सांगितलंय तिला. भिंगरी म्हणतो आम्ही तिला, लहानपणापासून एका जागी ठरली तर शपथ. कसली लहान हो, तुमच्या माझ्याएवढी उंच आहे.

जाऊन बघत का नाही म्हणता? वचन दिलंय. सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, बाबा, आज तुम्ही मागच्या दारात दिसलात, तर मी तुमच्या टोळीत जाणार नाही, लांबच्या कुठल्या तरी टोळीत जाईन, जिथून मशीनचा आवाजसुद्धा तुम्हाला ऐकू येणार नाही. आणि ती करते बरं का म्हटलेलं. मुकादम म्हणालाय, एक अख्खा बुंधा एकटीने कापून दाखव, कोणी शेजारी उभं न राहता, आणि उद्यापासून ये. बुंधा मागे पडलाय. ती तिथे, मी इथे. आणि तुम्ही आलात, देवासारखे धावून आलात, नाहीतर मी आतापर्यंत दारात असतो. तेव्हा घाई करू नका. हातमोजे चार प्रकारचे आहेत, चारही घालून बघा.

आता कान. ही दोन्ही बोंडं कानावर दाबून बसवा, केस मध्ये येऊ देऊ नका — तुम्हाला ती चिंता नाही. बसली? ऐकू येतंय का? मी काय म्हणतोय? काहीच नाही ना? छान. राहू द्या जरा तशीच, सवय होऊ द्या. खरं सांगू का, मला भीती वाटते. उभं आयुष्य रानात झाडं पाडली, तेव्हा कधी वाटली नाही, आणि इथे पंख्याखाली उभं राहून हातमोजे विकताना पाठ घामाने भिजलीय. सकाळी मी तिला सांगितलं, पेट्रोल संपलंय, आज राहू दे. धडधडीत खोटं. तर कॅन उचलून दाखवला तिने, काठोकाठ भरलेला, कालच भरून ठेवला होता पोरीने. वर म्हणाली, तेलही घातलंय. मशीनची दोरी ओढली तेव्हा मी मनात म्हणत होतो, सुरू होऊ नकोस बाबा. सख्ख्या मुलीचं मशीन, मीच धार लावलेली साखळी, आणि मी म्हणतोय सुरू होऊ नकोस. एका फटक्यात सुरू झालं. आणि मला इतका आनंद झाला हो, की काय सांगू. भीती तर भीती, आणि आनंद तर आनंद, दोन्ही एकदम, हे कुठल्या दुकानात मिळतं, याच्यावर काय चढवायचं, सांगा तुम्ही — काढा आता ती बोंडं. काय झालं, मान का हलवताय? ऐकू येत होतं? सगळं? म्हणजे पेट्रोलचंही? अहो मग सांगायचं नाही का. बरोबर आहे म्हणा, मशीनच्या आवाजाची धार कमी करतात ही बोंडं, माणसाचं बोलणं थोडं आत येतंच. येऊ देतातच, कोणी ओरडलं तर कळायला हवं. मलाच ठाऊक होतं आणि मीच फसलो.

असो. पँट बघू. कमरेत सैल वाटतेय? हो, जरा आहे. मग खांद्याचे पट्टे लावू — नाही नाही नाही, शिंप्याकडे बिलकूल न्यायची नाही. आत घ्यायची नाही, उसवायची नाही, एक टाका घालायचा नाही. का म्हणजे? इकडे हात लावा, मांडीवर. गुबगुबीत लागतंय ना? आत लांब लांब धाग्यांचे थर आहेत, मोकळे, कुठेही न शिवलेले. साखळी आली की वरचं कापड फाटतं, मग हे धागे झुपकेच्या झुपके ओढले जातात, मशीनच्या आतल्या चाकाला गुंडाळतात आणि साखळी जागच्या जागी ठप्प. डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण धागे मोकळे असले तरच ते ओढले जाणार ना? वरून टाका घातला की बसले जखडून. मग ते ओढले जात नाहीत, नुसते कापले जातात, आणि त्यांच्या खाली काय आहे? तुम्ही. म्हणून या पँटला मांडीवर खिसासुद्धा नसतो. हे आमच्या आत्याला कोण सांगणार. आमच्याकडेच असते आत्या, भिंगरीवर भारी जीव, आणि खिसे लावायचा नाद. घरात एक वस्तू बिनखिशाची राहिलेली नाही. उशीच्या अभ्र्याला खिसा आहे. माझ्या टॉवेलला खिसा आहे, विचारा, त्यात मी काय ठेवू? म्हणते, माणसाला खिसा हवा, हात रिकामे राहतात. आजसुद्धा सकाळी बघितलं मी, खिडकीत बसली होती सुई घेऊन, मांडीवर ते हिरवं काहीतरी पसरून —

हिरवं.

ही पँट हिरवी आहे. माझ्याकडे सगळ्या हिरव्याच येतात. भिंगरीचीही हिरवीच. पोर पहिल्यांदा एकटी कामाला निघाली म्हणून आत्याने — अहो, लावला हो तिने खिसा. मांडीवर लावला असणार, दुसरीकडे कुठे लावते ती. आणि पोर तीच घालून मशीन चालवतेय, ऐका, चालूच आहे. कसलं वचन, गेलं खड्ड्यात वचन. जाऊ दे तिला लांबच्या टोळीत, पाय शाबूत घेऊन जाऊ दे. बाजूला व्हा जरा, मी चाललो — आता हे काय दाखवताय? पेपरमिंट? अहो, ही काय पेपरमिंट खायची वेळ आहे? खिशातून? कसल्या खिशातून? आत्ताच सांगितलं ना, या पँटला खिसा नसतो —

इकडे या. उजेडात या. पाय पुढे करा.

हा आत्याचा टाका आहे. दुहेरी धागा, कोपऱ्यात फुली. आणि आत इस्त्री केलेला रुमाल, बघा, चार घड्या. हा तिचाच. मग ही पँट — मी कुठून काढली? मागच्या दाराशेजारच्या खिळ्यावरून. तो खिळा फाटक्या, निकामी मालाचा आहे हो. त्याच्यावर अडकवलेलं विकायचं नाही, घालायचं नाही, हा नियम मीच केलाय. म्हणजे तिने सकाळी खिसा बघितला, आणि आत्याला एक शब्द बोलली नाही, मला बोलली नाही. मुकाट्याने ही खिळ्यावर अडकवली, नेमकी जिथे अडकवायला हवी तिथे, आणि रॅकवरची नवीन घातली. तो बघा, तो तिसरा हँगर. रिकामा आहे. सकाळपासून माझ्या नाकासमोर रिकामा आहे. तिने सगळं बरोबर केलं, आणि मी, रानात उभं आयुष्य काढलेला मी, कान मागे लावून उभा, खिळ्यावरची निकामी पँट काढली आणि गिऱ्हाइकाला चढवली. हसा, हसा. मीही हसतोय. डोळ्यांत पाणी आलंय ते हसण्याचंच आहे, भुसा उडतो दुकानात.

ऐका.

थांबलं.

बोलू नका.

ही लांबवली बघा शिट्टी. लांब शिट्टी म्हणजे काम संपलं. कापला तिने, अख्खा कापला. गेली हो ती टोळीत. जा म्हणावं, उद्या जा, मी डबा भरून देतो. चला, पँट उतरवा लवकर, खिळ्यावर टाकतो, आणि तुम्ही उद्या या, तुमच्या मापाची ती काढून देईल जायच्या आधी, माझ्या हातची आज काही घेऊ नका. झाड कुठे पळत नाही. आणि ती विचारेल हं, बाबा दारात आले होते का. तुम्ही सांगा, जागचे हलले नाहीत. म्हणजे दोन पावलं टाकली, ती मोजायची नाहीत. पँटचंही बोलू नका. पेट्रोलचं तर मुळीच नको. नाहीतर असं करा, ते पेपरमिंट टाका तोंडात, म्हणजे बोलायलाच नको. टाका. आली.