तांबडीचं इंजेक्शन

तुम्ही हसाल, पण गिधाडांपायी माझी झोप उडाली होती. दुखण्यावरचं एक इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं, की ते खाऊन गिधाडंही मरतात, असं पेपरात वाचलं होतं. आणि सासरी, खुटबावात, आमची म्हातारी तांबडी गाय शेवटचं कण्हत होती. गुरांचे डॉक्टर तेच इंजेक्शन भरायला लागले, तशी मी चाचरत विचारलं, "दुसरं औषध नाही का?"

सासरे भडकले. "गाय तडफडतीय, आन् तुला गिधाडांची पडलीय व्हय?"

त्यांचंही खरंच होतं.

"दुसरं हाय, पण आज जवळ न्हाई. आन् गिधाडं राह्यलीत कुठं, ताई?" म्हणत डॉक्टरांनी सुई टोचली.

माझी लेक तांबडीच्या गळ्याला बिलगली होती. मेलेल्या गाईला गिधाडं देवाघरी नेतात, असं मीच तिला सांगितलेलं.

"आई, मग तांबडीला कोण नेणार?"