वरची भोकं

(सुतारकामाची खोली. दादा आपल्या सहा वर्षांच्या लेकीचं, चिमणीचं, लिहायचं टेबल घासतोय. त्याची धाकटी बहीण, म्हणजे त्या लेकीची आत्या, दारातूनच बोलत आत आलीय.)

आत्या: ...आणि तू सरळ चपला घालून चालता झालास! डॉक्टर बोलतायत, वहिनी एकटी मान हलवतेय, आणि मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसतेय येड्यासारखी.

दादा: ऐकलं मी सगळं. एकच ऑपरेशन. वाकडा कणा सरळ करायचा, मणके एकमेकांना पक्के जोडायचे. विषय संपला.

आत्या: अर्धंच ऐकलंस. जोडलेले मणके पुढे वाढत नाहीत, दादा. म्हणजे चिमणीचे हातपाय वाढणार आणि धड आखूडच राहणार. बरं, नुसत्या उंचीचं असतं तर मीही बुटकीच आहे, काय बिघडलं. पण छाती पण वाढायला हवी ना. नाहीतर फुप्फुसांना जागा कुठून आणायची?

दादा: आणि दुसरा उपाय काय? सळया घालायच्या आणि दर सहा महिन्यांनी पाठ उघडून त्या लांबवायच्या. सळी मोडते, जखम चिघळते, हेही डॉक्टरच म्हणाले. ते बरं विसरलीस.

आत्या: नाही विसरले.

दादा: मागे नुसत्या तपासणीला भूल दिली होती. जागी झाली तर मला ओळखेना. तुझ्या वहिनीला विचारते, हा माणूस कोण.

आत्या: पाचच मिनिटं रे. मग तुझ्याच खांद्यावर लाळ गाळत झोपली.

दादा: त्या पाच मिनिटांत तू नव्हतीस तिथे.

आत्या: ...नव्हते.

दादा: वाकलेल्या फळीला मी काय करतो? शिकंज्यात आवळतो, सरस लावतो. जन्मात हलत नाही परत.

आत्या: फळी मेलेली असते, दादा.

चिमणी: (धावत आत येत) बाबा, झालं माझं टेबल? आत्या, तू का रडतेस?

आत्या: भुसा गेला गं डोळ्यात. तुझ्या बाबाला झाडायला नको कधी.

चिमणी: बाबा, टेबलाच्या पायांवरची भोकं कुठे गेली? तू म्हणालास, मी उंच झाले की खुंटी काढून वरच्या भोकात घालायची, मग टेबलपण उंच होतं. सकाळी खूप होती.

आत्या: दादा?

दादा: बुजवली. भुसा आणि सरस भरला. तिथून आल्यावर.

चिमणी: का? मी उंच नाही होणार?

दादा: इकडे ये. अशी टेबलाशी उभी राहा. सरळ नको गं, जमेल तशी.

चिमणी: दवाखान्यात दुखेल?

दादा: दुखेल.

चिमणी: एकदाच?

दादा: नाही. पुष्कळदा. दर वेळी मी बाहेर बसलेला असेन.

चिमणी: आणि मी तुला ओळखलं नाही तर?

दादा: तर थांबेन. ओळखेपर्यंत.

चिमणी: बाबा, हे बघ. वरचं भोक अजून ओलंच आहे. बोट जातंय आत.