आतली कडी

दवाखान्याच्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या बाई नंबरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारे मास्तर आणि एक सुतार भिंतीवरच्या आमदारसाहेबांच्या पोस्टरकडे बघत बोलत होते.

“पूल झाला, पाणी आलं. माणूस कामाचा आहे. घरात कसा का असेना, आपल्याला काय करायचंय?”

“मीही हेच म्हणायचो, मास्तर. त्यांच्या बंगल्यावर दारं दुरुस्त करायला गेलो तोवर.”

“का, काय झालं?”

“वरच्या मजल्यावरच्या खोलीची आतली कडी काढायला लावली. स्वतः उभे राहिले समोर. बाहेरची तेवढी ठेवली.”

“अहो, कुणी आत अडकू नये म्हणून असेल.”

“असेल. पण दाराच्या आतल्या अंगाला नखांचे ओरखडे होते. तेही मलाच घासायला लावले.”

“हळू बोला हो! आणि मत कुणाला दिलंत?”

“त्यांनाच. पूल रोज लागतो ना.”

कंपाउंडरने बाईंचा नंबर पुकारला. बाई उठल्या नाहीत. साहेबांच्या बंगल्यावर टायपिंगच्या कामाला लागून त्यांच्या लेकीला आज तिसरा दिवस होता. त्यांनी तिला फोन लावला.

“आई, आत्ता नको गं. साहेबांनी वर बोलावलंय, आणि वर फोन न्यायचा नसतो.”